धुऱ्यावरच्या बाभळीले पट्टी नवती

मंडळी, बसा. मांगं लिंबाच्या सावलीत जागा हाय, बायायले बसू द्या.

आज इथं सरपंच आले, आमच्या हापिसातले साहेब आले, गावातलं एकही घर मांगं राह्यलं नाई. उकंडाच्या दारात एवढे माणसं मी आजच पाहून राह्यलो. तो असता तर घाबरला असता. काहून जमले बाप्पा एवढे, वणवा लागला काय, असं म्हणून पहिले हिरवी डहाळी तोडाले धावला असता.

माह्या आधी तिघं बोलले. चांगलं बोलले. उकंडा मेहनती होता, उकंडा मनमिळाऊ होता, उकंडा गावाचं भूषण होता. मी ऐकून राह्यलो, अन् मनात म्हणून राह्यलो, का हे भूषण दोन वर्षांत कोणाच्या ओसरीवर चहाले बसलं नवतं. काहून बसलं नवतं? कोणी बलावलं नवतं म्हणून. रागावू नका. शोकसभेत असं बोलत नाईत, मले समजते. पण गोड बोलणं आज माह्यानं होणार नाई. अन् फक्त तुमचंच काढतो असं नाई, माहंही काढणार हावो.

ज्यायले मी माहीत नाई त्यायच्यासाठी सांगतो. मी या अभयारण्यातला वनरक्षक. गावात मले गार्डसाहेब म्हणतात. राहणारा आसेगावचा, पण अर्धी उमर तुमच्या वावरायच्या धुऱ्या-बांधायवर गेली. उकंडा माह्या हाताखाली हंगामी होता. उद्या सकाळी त्याच्या मरणाबद्दल मले हापिसात लेखी जबाब द्याचा हाय. त्यात एक ओळ अशी हाय, का ती मी कशी लिहितो त्याच्यावर उकंडा कोण म्हणून मेला हे ठरणार हाय. कामावरचा माणूस म्हणून, का गवत कापाले निघालेला कोणी एक म्हणून. ती ओळ मी कशी लिहिणार हावो, ते सांगाले इथं उभा राह्यलो. भाषण मले येत नाई. कागदावर मी कधी अडलो नाई, तोंडानं बोलाचं म्हणलं का अडतो. सांभाळून घ्या.

हंगामी म्हणजे काय, हे तुमाले माहीत हाय, साहेबायले बी माहीत हाय. तरी सांगतो. होळीच्या आधी माळ वाळला का आमी त्याले बलावाचो. वणवा अडवाले जाळरेषा काढ. पाणवठे भर. फासे शोध, जाळे शोध. चरणारे ढोरं बाहेर काढ, कुऱ्हाडवाला दिसला तर अडव. त्यासाठी त्याले खाकी शर्ट भेटे, शिट्टी भेटे, टॉर्च भेटे. अन् मृग लागला का सगळं जमा. शर्ट धुऊन, घडी घालून आणे तो. शिट्टी टेबलावर ठेवताना दरवर्षी एकच विचारे. म्हणे, "साहेब, आता पाऊसकाळात हरणं कोण पाह्यते?" मी म्हणो, "मी हावो ना." तो मान हलवे अन् जाय. एवढं मोठं माळरान, अन् एक मी. खरं सांगा, मी काय पाहणार होतो?

सरकारचा हंगाम मृगाले संपते. अन् तारेचा हंगाम? तो मृगानंतर सुरू होते. पेरलं, निंदलं, सोयाबीन टोंगळ्याले लागलं, का डुकरं येतात, रोही येतात, हरणं येतात. कळप एकदा वावरात शिरला का काय राह्यते, ते मी पाह्यलं हाय. तुमच्या नुकसानीचे पंचनामे मीच केले. तुमचं दुखणं खोटं नाई. पण मंग तुमी तारा काढता. लाईटच्या खांबावर आकडा, धुऱ्यानं तार, सांजीले चालू, सकाळी बंद. डुकरासाठी लावली म्हणता. तार काय डुक्कर पाहून धरते काय?

उकंडा याच गावचा. तीन लेकरं गेल्यावर मायबापाले झालेला, म्हणून उकिरड्यावर लोळवून नाव ठेवलेला. या गावाच्या पोटातलं त्याले सगळं माहीत. त्यात ती पट्टी बी आली.

साहेब, तुमी नवे हा, तुमच्यासाठी सांगतो. या शिवारात ज्यानं धुऱ्यावर करंट सोडला, तो वावराच्या तोंडच्या बाभळीले युरियाच्या पोत्याची पांढरी पट्टी बांधे. टोंगळ्याएवढ्या, गुडघाभर उंचीवर. पाखरं हाकलाले आपण वावरात पोते, चिंध्या लावतोच, म्हणून बाहेरच्याले काही समजत नवतं. मी किती वर्षं त्याच बाभळीखाली डबा खाल्ला, मले समजलं नाई. पण गावाले समजे. पट्टी दिसली का बाया गवताले तिकडे जात नवत्या, गुराखी ढोरं वळवे. कोणी कोणाले सांगत नवतं. बापानं पोराले दाखवलं, सासूनं सुनेले दाखवलं. कायद्यानं गुन्हा, पण त्या गुन्ह्यात एवढी एक माणुसकी होती. जनावर मरो, गावातलं माणूस मरू नये.

उकंडानं ती पट्टी मले दाखवली. पण कशी दाखवली ते ऐका. चुगली म्हणून नाई. पहिले तो कायम पट्टी पाहून त्या वावरवाल्याकडे स्वतः जाय. म्हणे, "भाऊ, काढून घे. सांजीले पाहाले येतो." बहुतेक जण काढत. तुमीच काढत होते. त्याचं तुमी ऐकत होते, कारण तो हापिसात सांगत नवता. हे त्याचं काम करणं. शर्ट अंगात असो का जमा केलेला असो.

मंग एका साली एक काळवीट मेलं. मोठा नर, पीळ घातलेले शिंगं. वावरवाला ऐकणारा नवता, तिसऱ्यांदा तार लावली होती त्यानं. तवा उकंडा माह्याकडे आला अन् मले त्या बाभळीपाशी घेऊन गेला. पट्टी दाखवली. सगळं सांगतलं. अन् म्हणला, "साहेब, केस करा. तार लिहा, आकडा लिहा, हरीण लिहा. पण पट्टी लिहू नका. पट्टी गावाची हाय."

मी हो म्हणलो.

मंडळी, मी हो म्हणलो, अन् सांजीले पंचनामा लिहाले बसलो तवा लिहून टाकली. काहून लिहिली? कोणाचा दबाव होता काय? नाई. पंचनामा भारी झाला पाहिजे म्हणून. ती ओळ मले पाठ हाय. "धुऱ्यावरील बाभळीस खताच्या पोत्याची पांढरी पट्टी बांधलेली आढळून आली, सदर पट्टी ही विद्युत प्रवाह सोडल्याची स्थानिक खूण असल्याचे गोपनीय माहितीवरून समजते." गोपनीय म्हणे. या गावात जंगलवाल्यायसंग फिरणारा माणूस एकच होता, अन् मी लिहून राह्यलो गोपनीय. वरच्या साहेबायनं पंचनामा वाचला अन् माही पाठ थोपटली. म्हणले, असा पाहिजे कागद. मले बरं वाटलं. आता कायले लपवू, लय बरं वाटलं.

त्या कागदाची नक्कल आरोपीले भेटते. भेटलीच. त्यानं ती हॉटेलात वाचली, दुसऱ्यानं घरी वाचली. आठ दिवसांत गावातल्या सगळ्या बाभळी मोकळ्या झाल्या. एकाही झाडाले पट्टी राह्यली नाई.

अन् त्या दिवसापासून उकंडाची काय गत केली तुमी? पाऊसकाळात तो तुमच्याच वावरात निंदाले, सोंगाले येणारा माणूस. त्याले कोणी बलावणं बंद केलं. त्याची बायको कांताबाई, इंझोरीची लेक, पण या गावात नांदून तिचे केस पिकले. तिले हळदीकुंकवाले बलावणं बंद केलं. कामरगावच्या बाजाराले जाणारी जीप, माणसं पायरीवर लटकलेले, अन् उकंडाच्या बाजूची जागा रिकामी. मी डोळ्यानं पाह्यलं. तो खिडकीतून बाहेर पाह्यत बसला होता, जसं काही आज जीपमधी गर्दीच नाई.

मले तो एक शब्द बोलला नाई. मी वाट पाह्यली. शिव्या देईन, येणं बंद करन, असं वाटलं. पुढच्या होळीआधी आला, शर्ट घेतला, शिट्टी गळ्यात घातली. म्हणला, "चाला साहेब, जाळरेषा काढून घेऊ." त्यानं मले बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

औंदा उन्हाळ्यात एक दिवस आमी दोघं पाणवठ्यावर टँकरची वाट पाह्यत बसलो होतो. तो एकदम म्हणला, "साहेब, दोन पाऊसकाळ झाले, पट्टी कुठं दिसत नाई. लोकायनं करंट सोडून देल्ला, का नुसती पट्टी सोडली?"

मंडळी, हा प्रश्न माह्या कामाचा होता. हा प्रश्न मी विचाराले पाहिजे होता. धुरे फिराले पाहिजे होते, लाईनवाल्यायले संग घ्याले पाहिजे होतं, इथं येऊन तुमाले हात जोडाले पाहिजे होते. मी काय म्हणलो? मी म्हणलो, "सोडून देल्ला असन करंट. केसचा धाक बसला." तो म्हणला, "असन." अन् मी त्या महिन्याच्या अहवालात लिहिलं, का सदर गैरप्रकार आटोक्यात आलेला हाय.

आटोक्यात आलेला हाय!

पोळा झाला, त्याच्या आठ दिवसांनी सकाळी मले उकंडाचा फोन आला. मी हापिसात होतो, चहाचा कप समोर होता. तो गवत कापाले निघाला होता. शर्ट जमा, शिट्टी जमा. म्हणला, "साहेब, धुऱ्यावर एक काळवीट पडलं दिसते. पोट हालल्यासारखं वाटते. कुत्रे मांगं लागले असतीन. पाहू काय?"

अन् मी विचारलं, "बाभळीले पट्टी हाय काय?"

ऐकता ना तुमी? पट्टी हाय काय, असं मी विचारलं. मी, ज्यानं ती पट्टी गावातून उठवली. अन् तो म्हणला, "नाई साहेब. झाड मोकळं हाय."

मी म्हणलो, "मंग जा. पाह्य. मी निघालोच."

हे माहे शब्द. मंग जा.

मी पोचलो तवा तो उताणा पडलेला होता. विळा लांब पडलेला, अन् एक हात काळविटाच्या शिंगावर. काळवीट थंड होतं, रातीच मेलेलं असन. त्याचं काही हालत नवतं. अन् मंडळी, तार नवती. धुऱ्यावर तारेचा एक तुकडा नवता. खुट्या उपटलेल्या, मातीत ओले भोकं ताजे. सकाळचा करंट बंद कराले कोणीतरी आलं होतं माह्या आधी. त्यानं उकंडाले पाह्यलं. ओळखलं असन, लहानपणापासून संग खेळलेला माणूस. अन् ओळखून त्यानं पहिले आकडा काढला, मंग खुट्या काढल्या, मंग तार गुंडाळली. एवढी लांब तार गुंडाळाले वेळ लागते. दोन हात लागतात. त्या दोन हातायनं उकंडाले उचललं असतं तर तो वाचला असता काय? मले माहीत नाई. पण निदान कोणी हाक मारली असती. त्याच्या तोंडात पाण्याचा घोट गेला असता. तारेले घरी जागा भेटली, उकंडा तिथंच उन्हात राह्यला.

पहिल्या दिवशी गावात आवई उठली, साप चावला, पान लागलं म्हणे. मंग म्हणे छातीत कळ आली. डाक्टरनं तळहातावरचा करंटचा डाग पाहून लिहून देल्लं तवा आवया थांबल्या. पोलिसाच्या कागदावर आरोपी अज्ञात. बरोबर हाय. या गावात, जिथं कोणाची गाय कोणाच्या वावरात शिरली ते दुपारपर्यंत सगळ्यायले समजते, तिथं हाच एक माणूस अज्ञात हाय.

तुमचं झालं. आता आमचं.

आमच्या हापिसातून हा हार आला. मोठा हाय, चांगला हाय. त्याच्या फितीवर लिहिलं हाय, वन्यजीवरक्षक उकंडा यांस भावपूर्ण श्रद्धांजली. वन्यजीवरक्षक! जित्तेपणी आमच्या कोणत्या कागदावर त्याले हे म्हणलं होतं? हजेरीपटावर तो संरक्षण मजूर होता, अन् मृगानंतर तो बी नवता. फितीवर लिहाले आमाले काही अडचण नाई. जबाबात लिहाले अडचण हाय. मले सांगण्यात आलं हाय. कोणी सांगतलं ते सोडा, तो बी बालबच्चेवाला माणूस हाय. मले सांगतलं, का हजेरी बंद होती, तवा उगीच गुंता करू नका. लिहा, का सदर इसम स्वतःच्या कामासाठी गवत आणण्यास गेला होता. खोटं बी नाई ना ते, गवतालेच गेला होता. फोन आल्ता, असं कायले लिहिता? फोन काय, माणूस कोणालेही करते. तुमचे दोन वर्षं राह्यले नोकरीचे, शांततेत काढा.

अन् मी खरं सांगतो, बारा दिवस मी तेच लिहिणार होतो. कागद तयार बी केला. सदर इसम. माह्या अक्षरात. परवा तो घेऊन मी कांताबाईकडे आलो, म्हणलं तिले समजावून सांगावं. ती चुलीपुढं बसली होती. मी कागद काढाच्या आधी ती म्हणली, "साहेब, लोक म्हणून राह्यले, तो जंगलाचं हरीण चोराले गेला होता. मेलेलं काळवीट उचलाले. तुमी तर त्याले ओळखत होते. तो कायले गेला होता, एवढं तुमी लिहून द्या. मले बाकी काही नाई पाहिजे. उद्या कोणी म्हणू नये, उकंडा चोर होता."

खिशातला कागद मी खिशातच ठेवला. तिनं चहा मांडला होता. मी चहा घेतला नाई, तसाच उठलो.

तवापासून मले हेच समजून राह्यलं का सदर इसम लिहिलं, का त्याले चोर म्हणाले मोकळीक भेटली. आपल्या कामाले गेला, हरणापाशी मेला. याचा दुसरा काय अर्थ काढतीन लोक? जन्मभर ज्यानं फासे सोडवले, त्याच्या हातात शेवटी मीच फासा देणार होतो.

म्हणून उद्याची ओळ आज इथं, तुमच्या सगळ्यायपुढं, साहेबायपुढं सांगतो. इथं सांगतो, कारण मी माहा स्वभाव ओळखतो. हापिसात खुर्चीवर बसलो, समोर चहा आला, कोणी पाठीवर हात ठेवला, का मी विरघळतो. आधी एकदा विरघळलेला माणूस हावो मी. आता तुमी एवढे जण साक्षीदार हा. मी लिहिणार हावो: उकंडानं मले फोन केला. त्यानं विचारलं, पाहू काय. मी सांगतलं, जा. तो माह्या हुकमानं गेला अन् कामावर मेला. त्याच्या खाली दुसरी ओळ लिहिणार हावो, का त्या गावात जी खूण माणसायचा जीव वाचवे, ती मी कागदावर आणून मोडली. पहिल्या ओळीनं त्याले काय भेटन ते साहेब ठरवतीन. दुसऱ्या ओळीनं मले काय होईन ते बी ठरवतीन. होऊ द्या.

तुमाले मी पट्टी परत बांधा म्हणणार नाई. वनरक्षक हावो, तसं म्हणता येत नाई. अन् तार काढा, असं म्हणून उकंडा जन्मभर तुमच्या पाया पडला, तो तुमाले काय पटला? माहं काय पटन? पण आज घरी जाल तवा धुऱ्यानं जाल. उद्या तुमच्या बाया गवताले जातीन. कोणत्या बाभळीखाली काय हाय, हे आता या गावात कोणालेच माहीत नाई. ते सांगणारा एक होता.

कांताबाई, तू मांगं काहून बसली, समोर ये. जागा द्या तिले. तुह्यापुढं मले जास्त बोलता येत नाई. त्यानं मले सांगतलं होतं, पट्टी लिहू नका म्हणून. मी हो म्हणलो होतो. बस.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं. टोप्या काढा. ज्यानं तार गुंडाळली, तो इथंच कुठं असन. तो नसन तर त्याच्या घरचं कोणी असन. त्यानं बी उभं राहावं, एकट्यानं बसून राहू नये. कांताबाई पाहून राह्यली हाय, अन् सगळे उभे राह्यले म्हणजे तिले तो कोण हे समजणार नाई. मले बी नाई. मी बी तुमच्यातच उभा राह्यतो.